उडी जमिनीवरच ठरते

रायपूर सपाट आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवरचं, खारून नदीकाठचं, धानाच्या शेतांनी वेढलेलं हे शहर. डाउनहिल सायकल शर्यतीला दीड ते साडेतीन किलोमीटर लांबीचा आणि दोन ते पाच मिनिटांत उतरून होईल असा तीव्र उतार लागतो. तो इथे नाही. त्यासाठी जगदलपूरच्या रस्त्याला लागून केशकाल घाटाचा डोंगराळ पट्टा गाठावा लागेल किंवा थेट सरगुजातलं मैनपाट. तरीही उडीचं हे प्रकरण मी रायपूरपासून सुरू करतो आहे, कारण उडीला डोंगर लागत नाही. मुरूम, फावडी आणि माती चोपण्याची चिकाटी एवढ्यावर ती मैदानातही शिकता येते.

उडी म्हणजे काय हे रायपूरकरांनी अगदी शहराच्या मधोमध पाहिलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये बुढापाऱ्याच्या आउटडोअर स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचून मोटरसायकलींची अखिल भारतीय शर्यत झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी स्वतः मोटरसायकलवर बसून हौस भागवली, त्याची चित्रफीत देशभर फिरली. पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी २०२४ ला, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली आणि मराठी प्रेक्षकांनाही तोच थरार जवळून दिसला. गाडी चढावर येते, तिची चाकं आत दबतात, मग ती हवेत सुटते आणि पलीकडे उतरताना पुन्हा दबते. हे पाहून घरी गेलेल्या मुलाच्या मनात एक समजूत पक्की होते: शॉकअप जितका लांब आणि जितका मऊ, तितकी उडी मोठी आणि उतरणं सुखाचं. मग तो आपल्या सायकलीचा पुढचा फोर्क हाताने दाबून पाहतो आणि तो खोल गेला की खूश होतो.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती धोक्याची आहे. उडीच्या वेळी सस्पेन्शन मऊ लागता कामा नये. त्याने आधार दिला पाहिजे. मऊपणा हवा तो खडकांवर आणि झाडांच्या मुळांवर, जिथे चाक झटपट वर-खाली व्हावं लागतं. उडीच्या चढावर मात्र सायकल पायाखाली थोडी बसून एका जागी घट्ट थांबली पाहिजे, म्हणजे तिच्यावर उभं राहून स्वतःला वर फेकता येतं. असं का, हे कळण्यासाठी उडीचे तीन भाग सुटे करून पाहायला हवेत: चढावरचा पाव सेकंद, हवेतला पाऊण सेकंद आणि उतरण्याचा क्षण. त्यांतला पहिला पाव सेकंदाचाच असतो, पण बाकीचं सगळं तोच ठरवतो.

पण त्याआधी मोटरसायकलीचा हिशेब वेगळा करून ठेवू. अडीचशे सीसीच्या मोटोक्रॉस गाडीचं वजन शंभर किलोच्या थोडं वर असतं आणि तिच्यावरचा माणूस सत्तर-पंच्याहत्तर किलोचा. गाडी जड, माणूस हलका. डाउनहिल सायकल सोळा-सतरा किलोची, आणि तिच्यावर तोच पंच्याहत्तर किलोचा माणूस. इथे माणूस यंत्राच्या चौपटीहून जड आहे. मोटरसायकलीच्या स्प्रिंगांवर गाडीचंही मोठं वजन असतं, सायकलीच्या स्प्रिंगांवर मुख्यतः तुमचं. तुम्ही गुडघे किती वाकवले, कंबर मागे नेली की पुढे, हातांवर भार किती टाकला, यावर सायकलीचं सस्पेन्शन क्षणोक्षणी वेगळं वागतं. म्हणून मोटरसायकल पाहून मनात बसलेली ‘फील’ सायकलीवर उतरवायला गेलं की फसगत होते. शिवाय मोटरसायकलवाल्याच्या हाती इंजिन असतं. हवेत नाक खाली जायला लागलं तर तो ॲक्सिलरेटर पिळून मागचं चाक जोरात फिरवतो आणि नाक वर आणतो. सायकलवाल्याला हवेत मागचा ब्रेक दाबून नाक किंचित खाली आणता येतं, शरीर हलवून थोडीफार दुरुस्ती करता येते, बस्स. चढ सोडताना सायकलीला जी गिरकी मिळाली, तीच तिला उतरेपर्यंत पुरते.

तरी सायकलीचं सस्पेन्शन जन्माला आलं ते मोटरसायकलवाल्यांच्याच हातून. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर जुन्या जाड टायरच्या सायकली पळवल्या जात, तेव्हा त्यांना कसलंही सस्पेन्शन नव्हतं. त्याच परिसरातली ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. उतारभर ब्रेक मारून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जाई आणि तो हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे, म्हणून हे नाव. १९८९ मध्ये पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स या मोटोक्रॉसच्या दुनियेतल्या दोघांनी रॉकशॉक्स कंपनी काढली. त्यांच्या पहिल्या फोर्कचं, आरएस-१ चं, ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याची एकूण लांबी, फक्त ४८ मिलिमीटर होतं. दुसऱ्याच वर्षी, १९९० मध्ये, कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि डाउनहिलमध्ये ग्रेग हर्बोल्ड जिंकला तो रॉकशॉक्सच्या फोर्कवर. आज डाउनहिल सायकलीला पुढे-मागे सुमारे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल असतं. लांबी चौपट झाली हे कोणालाही दिसतं. खरी प्रगती मात्र आतल्या तेलात आणि ते तेल ज्या छिद्रांतून आणि पातळ चकत्यांमधून जातं त्या डॅम्परमध्ये झाली.

स्प्रिंग आणि डॅम्पर यांची कामं वेगळी आहेत. स्प्रिंग, मग ती पोलादी असो की हवेची, दाबली की ऊर्जा साठवते आणि सोडली की सगळी परत देते. डॅम्पर तेलाला अरुंद वाटेने जायला लावून त्या ऊर्जेची उष्णता करतो. नुसती स्प्रिंग असेल तर सायकल चेंडूसारखी उसळेल. डॅम्परला दोन दिशा असतात: दबताना अडवणं म्हणजे कम्प्रेशन, परत वर येताना अडवणं म्हणजे रिबाउंड. त्यांतही ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे भेद असतात, आणि इथे नवखे हमखास गोंधळतात. हा वेग सायकलीचा नव्हे, शॉकच्या दांड्याचा. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी सायकल गुळगुळीत चढावर आली तर दांडा संथपणे आत जातो, ते लो स्पीड. आणि चालण्याच्या वेगाने जाताना चाक धारदार दगडावर आपटलं तर दांडा सपकन आत जातो, ते हाय स्पीड.

आता चढावर येऊ. एक उदाहरण घेतो: सायकलीचा वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर. चढ वर्तुळाच्या कमानीसारखा, त्रिज्या ४ मीटर, आणि कडेशी त्याचा कोन ३० अंश. अशा कमानीवरून जाताना वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतकं त्वरण लागतं. चौसष्ट भागिले चार, म्हणजे १६. गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून थोडं जास्त. त्यात तुमचं नेहमीचं वजन मिळवलं की सायकलीवर सुमारे अडीचपट भार येतो. स्वस्थ उभं असताना मागचं सस्पेन्शन साधारण ३० टक्के दबलेलं असतं, त्याला सॅग म्हणतात. २०० मिलिमीटरपैकी ६०. साध्या सरळ स्प्रिंगवर अडीचपट भार म्हणजे १५० मिलिमीटर. उडी अजून सुरूही झालेली नाही आणि तीनचतुर्थांश ट्रॅव्हल संपलं!

हे इथेच थांबत नाही. ती कमान सुमारे २.१ मीटर लांब आहे, ती पार करायला लागतात ०.२६ सेकंद. आणि ६० मिलिमीटर सॅग असलेल्या स्प्रिंगवरचं वजन मोकळं सोडलं तर एक पूर्ण हेलकावा सुमारे अर्ध्या सेकंदाचा होतो. म्हणजे पूर्ण खाली जायला पाव सेकंद. चढावरचा वेळही पाव सेकंदच. चढाच्या पायथ्याशी दबायला लागलेली सायकल नेमकी कडेशी सर्वांत खोल दबलेली असते, आणि जमीन सुटताच तिच्या स्प्रिंगा सगळी साठवण परत करायला निघतात. झोका देणाऱ्याने नेमक्या क्षणी हात लावला की झोका उंच जातो, तशी ही वेळ जुळली तर सायकल तुम्हाला वर उचलते. पण ती परतफेड मोकाट झाली, किंवा पुढच्या आणि मागच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने झाली, तर तुम्हाला गिरकी मिळते. डॅम्पिंगमुळे हे आकडे थोडे सरकतात, चढाचा आकार बदलला की वेळही बदलते, पण घोळ कुठे होतो ते यावरून स्पष्ट होतं.

मागचा रिबाउंड पुढच्यापेक्षा फार मोकळा असेल तर मागचं चाक कड सोडताना लाथ मारल्यासारखं उसळतं. बूड वर फेकलं जातं, नाक खाली जातं आणि माणूस हँडलवरून पुढे जायच्या बेतात येतो. उडीच्या अपघातांतला हा सर्वांत वाईट. बहुतेकांना वाटतं आपलं तंत्र चुकलं, आपण मागे झुकलो नाही. कित्येकदा दोष शॉकवरच्या, रिबाउंड ठरवणाऱ्या छोट्या लाल घुंडीचा असतो. उलट, पुढचा फोर्क मोकळा आणि मागचा मंद असेल तर नाक वर जातं, सायकल मागच्या चाकावर उतरते आणि पुढचं चाक नंतर थाडकन आपटतं. हे तुलनेने बरं, पण हँडलवरचा ताबा त्या क्षणापुरता गेलेलाच असतो.

मग कडेवर काय जाणवायला हवं? चढाच्या पायथ्याशी सायकल खाली बसू लागते, तिचं बसणं संथ होत जातं, आणि कडेच्या थोडं आधी तुमच्या तळपायांना काहीतरी टणक लागतं. तिथे तुम्ही पाय सरळ करता आणि सायकल तुमच्याबरोबर वर येते. दोन्ही चाकं एकाच मनाची असल्यासारखी सुटतात. ढकलल्यासारखं वाटू नये, उचलल्यासारखं वाटावं. सस्पेन्शन फार मऊ असेल तर तुम्ही पाय सरळ करता आणि ती ढकल स्प्रिंगच गिळून टाकते. उडी अपुरी पडते आणि मागचं चाक लँडिंगच्या काठावर आदळतं. फार टणक असेल तर चढाच्या आधीच्या खडबडीत वाटेवर टायर जमिनीला धरून राहत नाही, हात झिणझिणतात आणि कड इतकी अचानक येते की शरीराला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. मला विचाराल तर शिकाऊ माणसाने टणकपणाच्या बाजूला थोडं झुकावं. अपुऱ्या आधाराने होणारी चूक हवेत दुरुस्त होत नाही.

हा आधार मिळवायचा कसा? पहिलं उत्तर स्प्रिंग. ती तुमच्या वजनाचीच हवी, आधीच्या मालकाच्या नव्हे. हेल्मेट, पॅड, बूट, पाण्याची पिशवी असं सगळं अंगावर घेऊन पेडलवर उभं राहायचं, मित्राला सायकल धरायला सांगायची आणि फोर्कच्या नळीवरची रबराची रिंग किती सरकली ते मोजायचं. डाउनहिलला पुढे साधारण १५ ते २५ टक्के आणि मागे ३० च्या आसपास सॅग ही सुरुवात. दुसरं उत्तर लो स्पीड कम्प्रेशन: त्याची घुंडी एकेक क्लिक आत घेत जायची, चढावर सायकल फार खोल बसणं थांबेपर्यंत. तिसरं, हवेच्या फोर्कात आतली पोकळी कमी करणारे प्लॅस्टिकचे ठोकळे टाकता येतात, त्यांना टोकन म्हणतात. पोकळी लहान झाली की शेवटच्या टप्प्यात दाब झपाट्याने चढतो. सुरुवातीचा मऊपणा राहतो आणि शेवटाला भिंत मिळते. मागच्या पोलादी स्प्रिंगला हे काम फ्रेमचे सांधे करून देतात. चाक वर जाईल तशी त्यांची तरफ बदलत जाते आणि स्प्रिंग जणू कडक होत जाते.

हवेच्या स्प्रिंगबद्दल रायपूरकरांनी, आणि विदर्भातल्या वाचकांनीही, एक गोष्ट लक्षात ठेवावी. जानेवारीच्या पहाटे १३ अंशांना फोर्कमध्ये ८० पीएसआय हवा भरली आणि तीच सायकल मे महिन्यात ४५ अंशांत बाहेर काढली, तर हवा न भरताच दाब ९० च्या आसपास गेलेला असतो. साधा वायूचा नियम आहे. स्प्रिंग कडक झाली आणि त्याच उष्णतेने डॅम्परमधलं तेल पातळ होऊन रिबाउंड मोकळा झाला. दोन्ही बदल एकाच दिशेने जातात, उसळीच्या. हिवाळ्यात उत्तम लागलेली सेटिंग उन्हाळ्यात लाथ मारते ती यामुळे. ऋतू बदलला की सॅग पुन्हा मोजावी आणि रिबाउंड एखादा क्लिक मंद करावा. आणि मुरमाची लाल धूळ फोर्कच्या सीलवर बसते ती प्रत्येक फेरीनंतर स्वच्छ फडक्याने पुसावी. ती आत गेली तर नळी खरवडते आणि फोर्क अडखळू लागतो. अडखळणारा फोर्क चढावर काय करील ते कोणालाच सांगता येत नाही.

हवेतल्या पाऊण सेकंदाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथे सस्पेन्शन गप्प असावं. दोन्ही चाकं पूर्ण बाहेर येतात आणि तशीच राहतात. बाहेर येताना ‘टक्’ असा धातूचा आवाज आला तर रिबाउंड फार मोकळा आहे किंवा आत काहीतरी बिघडलेलं आहे. पूर्ण बाहेर येणं मात्र आवश्यक आहे, कारण उतरताना सगळंच्या सगळं ट्रॅव्हल हाताशी हवं. रिबाउंड अती मंद ठेवणाऱ्यांचं नुकसान इथे होतं. एकापाठोपाठ एक उड्या असतील तर पहिल्यांदा उतरताना दबलेली सायकल पुरती वर येण्याआधीच दुसरा चढ येतो, तिसऱ्याला ती आणखी खाली असते, आणि २०० मिलिमीटरची महागडी सायकल शंभराच्या सायकलीसारखी वागू लागते.

आता उतरणं. एक मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडणारी वस्तू सेकंदाला ४.४ मीटर वेगाने आपटते. तुम्ही अंग ताठ ठेवलं आणि फक्त २० सेंटिमीटरच्या सस्पेन्शनने थांबलात, तर त्या वेळात सरासरी वजनाच्या सहापट भार सहन करावा लागतो. पण गुडघे, कंबर आणि कोपरं मिळून आणखी ४० सेंटिमीटर वाकली, तर हाच भार पावणेतीनपटींपेक्षाही खाली येतो. यंत्राने दिलेले २० सेंटिमीटर आणि शरीराने दिलेले ४०. मोठं सस्पेन्शन तुमच्या पायांतच आहे. सायकलीवरचं सस्पेन्शन त्या पायांना सावरायला लागणारा क्षण मिळवून देतं.

याहून मोठा फरक करते ती खालची जमीन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले यांत्रिकीचे प्राध्यापक माँट हबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरच्या स्की-उड्यांसाठी एक सोपं माप वापरलं: एखाद्या उतारावर उतरणं हे सपाट जमिनीवर किती उंचीवरून पडण्यासारखं आहे? सायकलीलाही हे गणित जसंच्या तसं लागू पडतं. आपल्याच उदाहरणातली उडी घ्या. ताशी २९ किलोमीटर, ३० अंशांचा चढ. सायकल कडेपासून सुमारे ८० सेंटिमीटर वर जाते, साडेपाच मीटरहून थोडी पुढे, त्याच उंचीवर परत येते. तिथे सपाट जमीन असेल तर हे ८० सेंटिमीटरवरून पडणं. तिथे २० अंशांचा उतार असेल तर सुमारे १० सेंटिमीटरवरून पडणं. २५ अंशांचा असेल तर फक्त अडीच सेंटिमीटर! उडी तीच, वेग तोच, माणूस तोच. फुटपाथवरून खाली उतरल्यावर लागतो त्याहूनही कमी धक्का.

डर्ट जंपिंग, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या, करणारे लोक मागे सस्पेन्शनच नसलेल्या सायकलीवर, पुढे जेमतेम १०० मिलिमीटरचा आणि दगडासारखा कडक फोर्क लावून, मोठमोठ्या उड्या सहज का मारतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. त्यांचं सस्पेन्शन मातीत बांधलेलं असतं. पुण्यात विनय मेनन आणि प्रवीण प्रभाकरन यांनी सायनाइड बाइक्स हा उद्योग उभा केला, तेव्हा त्यांनी घडवलेली ‘फ्युरान’ ही फ्रेमही मागे सस्पेन्शन नसलेलीच होती. विनय मेनन यांचं नाव भारतात या खेळाच्या आरंभीच्या लोकांत घेतलं जातं, आणि त्यांच्यासारख्यांनी इथल्या टेकड्यांवर स्वतः फावडं चालवून वाटा आणि उड्या बांधल्या, ही मला त्यांच्या कसरतींइतकीच मोठी गोष्ट वाटते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा भरली आणि डाउनहिलचे आशियाई खेळाडू आपल्या देशातल्या मातीवर उतरले. तसे ट्रॅक आपल्याकडे मोजकेच आहेत. सायकली मात्र भराभर येत आहेत, आणि हा क्रम उलटा आहे.

उतरताना चांगल्या सस्पेन्शनची खूण कोणती? नेहमीच्या उडीत ट्रॅव्हलचा बराचसा भाग वापरला जावा, पण तळ लागू नये. पूर्ण फेरीतल्या सर्वांत मोठ्या उडीत एखाद्या वेळी तळ लागला तर हरकत नाही. कधीच लागत नसेल तर तुम्ही ट्रॅव्हलचे पैसे वाया घालवत आहात. तळाशी ठोका बसण्याऐवजी घट्ट होत जाणारा विरोध जाणवावा. मग सायकल एकदाच वर यावी आणि स्थिर व्हावी. दुसरी उसळी आली तर रिबाउंड मोकळा आहे. खालीच बसून राहिली तर मंद आहे. हे घरासमोर तपासता येतं: फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली उतरा आणि सायकल किती वेळा हलते ते पाहा. मग उभं राहून पेडलच्या मधोमध भार द्या. पुढचं आणि मागचं एकाच वेळी खाली जाऊन एकाच वेळी वर आलं पाहिजे. एका वेळी एकच घुंडी, एकच क्लिक बदला आणि वहीत लिहून ठेवा. टायरही विसरू नका. तो पहिली स्प्रिंग आहे आणि त्याला डॅम्पर नसतो. टणक भरलेला टायर ज्या उसळ्या देतो त्या कुठल्याच घुंडीने थांबत नाहीत.

रायपूरच्या सायकलप्रेमींना माझी एक सूचना आहे. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर पहाटे सायकली घेऊन निघणारे गट आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळासारखी १९३५ पासूनची संस्था आहे, आणि खेळांसाठी मैदान मागायची सवय या शहराला आहे. जागेच्या मालकाची परवानगी घेऊन मुरमाचा एक ‘टेबलटॉप’ बांधा. त्यात चढ आणि उतार यांच्यामधली जागा खड्डा न ठेवता भरलेली असते, म्हणजे उडी अपुरी पडली तरी चाक सपाटीवर येतं, भिंतीवर आदळत नाही. पहिला टेबलटॉप गुडघ्याएवढा असू द्या, चढ लांबट आणि सौम्य. उताराला चढापेक्षा जास्त माती आणि जास्त वेळ द्या, तो लांब आणि रुंद करा, पाणी मारून चोपा. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री टाका. नव्या फोर्कवर जाणारा खर्च आधी त्या उतारावर करा. मुलं तिथे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीवर उडी शिकली, तर पुढे सस्पेन्शन हाती आल्यावर त्याने काय करावं हे त्यांच्या पायांना आधीच कळलेलं असेल.

आणि उडी मारण्यापूर्वी आपल्या सायकलीच्या फ्रेमवरचं लेबल वाचा. अनेक कंपन्या फ्रेमवर १ ते ५ पैकी एक आकडा छापतात. तो अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेच्या वर्गवारीचा असतो. १ म्हणजे फक्त डांबरी रस्ता. २ म्हणजे कच्चा रस्ता, आणि १५ सेंटिमीटरहून कमी उंचीवरून उतरणं. ३ म्हणजे खडबडीत वाट आणि ६१ सेंटिमीटरपेक्षा लहान उड्या. ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरच्या आतल्या उड्या. त्यापुढच्या उड्या आणि डाउनहिल यांच्यासाठी ५. दुकानात ‘माउंटन बाइक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पुढे शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलींचा फोर्क दिसायला तसाच असतो, पण त्यात बहुतेक वेळा एक स्प्रिंग आणि थोडं ग्रीस एवढंच असतं, डॅम्पर नसतो. तुमच्या सायकलीवर १ किंवा २ असेल, किंवा आकडाच नसेल, तर तिच्यावर उडी मारू नका, आणि मुलांनाही मारू देऊ नका.